कार्बनला भाव, धुळीला कोण विचारतो?



आरोग्याच्या पानावर या वेळी मी कराबद्दल लिहिणार आहे. रक्तदाब, ॲनिमिया, पावसाळ्यातले ताप हे विषय पुढच्या अंकात येतीलच. पण सध्या दिल्लीत आणि युरोपात कार्बनचा भाव ठरतो आहे. त्याचा संबंध कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या छातीशी आहे. मालकांच्या संघटना त्यावर बोलतात, कंपन्यांचे सल्लागार बोलतात, पर्यावरणवाले बोलतात. आपल्या वस्तीतून मात्र कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

आधी गोष्ट काय आहे ते बघू. कोळसा, कोक, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. एक टन कोक जळला की साधारण तीन टन वायू हवेत जातो. तो वर साठत राहतो आणि पृथ्वी तापते. आजवर हा वायू कुणीही फुकट सोडत होतं. आता त्याची किंमत वसूल करायची असं जगभर चाललं आहे. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली सरळ कराची : जितका वायू सोडाल तितके पैसे सरकारला भरा. दुसरी बाजाराची : प्रत्येक कारखान्याला मर्यादा ठरवून द्यायची, त्याहून कमी सोडला तर त्याला प्रमाणपत्रं मिळतात, जास्त सोडला तर त्यानं दुसऱ्याकडून ती विकत घ्यायची.

भारतानं दुसरी रीत धरली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेनं ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्यं ठरवून दिली गेली. योजनेत एकूण नऊ उद्योग धरले आहेत, त्यात कापड आहे आणि लोखंड-पोलादही आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन वायू. लक्ष्य चुकलं आणि प्रमाणपत्रंही घेतली नाहीत, तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई भरावी लागते. कोळशावर चालणारी वीजकेंद्रं, जी देशात सगळ्यात जास्त वायू सोडतात, त्यांना या नऊ उद्योगांत धरलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

“हा मोठ्या लोकांचा विषय आहे ताई, आपल्याला काय करायचंय?” असं विहारात कुणीतरी म्हणतंच. मग ऑगस्ट २०१९ आठवा. पुन्हा जुलै २०२१ आठवा. पंचगंगेचं पाणी आधी कुणाच्या घरात शिरलं? नदीकाठच्या, सखल जागेतल्या, गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्त्यांत. गावानं आपल्याला जागाच तिथं दिली होती. पूर उतरल्यावर चिखलात अनवाणी फिरून लेप्टो कुणाला झाला, जुलाब कुणाच्या लेकरांना लागले, हे घरोघर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आणि क्लोरिनचं औषध वाटणाऱ्या बायांना विचारा. उन्हाळ्यात दुपारी भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला आणि पत्र्याच्या खोलीत बाळंतीण झालेल्या पोरीला तापत्या हवेचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. त्यामुळे वायूला किंमत लावायला माझा विरोध नाही, ती लावलीच पाहिजे. माझा प्रश्न पुढचा आहे. ती किंमत भरणार कोण, आणि जमलेला पैसा कुठे जाणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर धक्का देणारं आहे : आपण ती आधीच भरली आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारनं कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. नाव छान होतं, स्वच्छ ऊर्जा उपकर. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. एक युनिट वीज करायला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे, म्हणजे कोळशाच्या विजेत युनिटमागे पंचवीस-तीस पैसे. वीजकंपन्या हा खर्च बिलात घालतात. महिन्याला ऐंशी युनिट जाळणाऱ्या घरानं पंधरा-वीस रुपये महिना या नावानं दिले असं ढोबळ मानानं धरायला हरकत नाही. तुमच्या बिलावर कधी कार्बन कर असं लिहून आलं होतं का? आलं नव्हतं, पण पैसे गेले.

ते गेले कुठे? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास स्वच्छ ऊर्जा निधीत गेले, आणि प्रत्यक्ष कामांवर खर्च झाले सोळा हजार कोटींच्याही आत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हाच ४०० रुपयांचा उपकर राज्यांची तूट भरून काढायला वळवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर बंद झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे आता तो पैसा सरकारच्या नेहमीच्या करात मिसळतो, पर्यावरणाचं नावसुद्धा उरलं नाही. त्या ८६ हजार कोटींतून दम्याच्या पेशंटसाठी एखादा नेब्युलायझर घेतला गेला असेल, तर तो माझ्या पाहण्यात नाही.

आता दुसरी एक गोष्ट सांगते, ती आपल्या मासिकात सांगायलाच हवी. कोळशावर उपकर लावण्याची कल्पना २०१० ची नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आठ तासांचा दिवस आपण नेहमी सांगतो. कोळशाचं फारसं कुणी सांगत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागात गेले, खाणीत उतरून काम बघितलं, मजुरांच्या खोल्या बघितल्या. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे उपकर, आणि तो पैसा कशावर खर्च करायचा हे त्या वटहुकुमातच लिहिलेलं : घरं, पाणी, आरोग्य, शिक्षण. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या निधीतून धनबाद आणि आसनसोलला खाणमजुरांसाठी मध्यवर्ती दवाखाने उभे राहिले. वस्तू तीच कोळसा, वसुलीची रीत तीच. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या खात्यानं मजुराचं नाव कायद्यात घातलं होतं, आणि २०१० च्या उपकरात मजूर कुठेच नव्हता.

ज्या कागलच्या जहागिरीत माणगावला मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी असं सांगितलं, तिथल्या लोकांना ही कोळशाची गोष्ट माहीत नसावी, याचं मला वाईट वाटतं. दरवर्षी माणगावला आपण जातो, भाषणं ऐकतो. पुढच्या वर्षी एखाद्या वक्त्याला या वटहुकुमावर बोलायला सांगा.

आता आपल्या एमआयडीसीत येऊ. कसबा सांगाव, पट्टणकोडोली, तळंदगे, हुपरी, कागल इथून रोज सायकली, मोटरसायकली आणि कंपनीच्या बसनं माणसं आत जातात. कापड आहे, इंजिनं आहेत, पण या भागाची ओळख फौंड्रीची. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पंचतारांकित मिळून कोल्हापूरची फौंड्री देशभर माहीत आहे. इथं बीड वितळतं, वाळूच्या साच्यात ओतलं जातं, गार झाल्यावर साचा फोडतात, नग बाहेर काढतात, झाडतात, ग्राइंडर मारून कडा काढतात. मोल्डिंग, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग. ज्या घरात फौंड्रीचा माणूस आहे तिथल्या बायकांनाही हे शब्द पाठ आहेत.

कार्बनच्या हिशोबात या कामातलं काय मोजलं जातं? भट्टीत जळणारा कोक आणि मीटरवरची वीज. जुन्या कोकच्या भट्ट्या, ज्याला आपल्याकडे क्युपोला म्हणतात, त्या जाऊन विजेच्या इंडक्शन भट्ट्या बऱ्याच ठिकाणी आल्या. चांगलंच झालं, आवारातला काळा धूर कमी झाला. पण एक टन बीड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावर आहे. म्हणजे इथला काही धूर चंद्रपूर, कोराडी, परळीच्या धुराड्यांतून निघतो. तिथंही राखेच्या तळ्याशेजारी वस्त्या आहेत, आणि त्या कुणाच्या आहेत हे मी सांगायला नको. त्यात जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं देशातल्या बहुसंख्य कोळसा वीजकेंद्रांना गंधकाचा वायू गाळणारी यंत्रं बसवण्यातून सूट दिली. त्याच वर्षी कार्बनची लक्ष्यं निघाली, त्यात वीजकेंद्रं नाहीत. दिल्लीत एका टेबलावर सही होते ती दुसऱ्या टेबलाला माहीत नसते की काय, असा प्रश्न पडतो.

आणि कोकची भट्टी जाऊन विजेची आली, तरी नॉकआउटवरची धूळ तेवढीच राहते. माझा सगळा जीव या एका वाक्यात अडकला आहे. कागदावर कारखान्याचा कार्बन कमी झाला, परदेशी गिऱ्हाइकाला हिरवा दाखला मिळाला, भिंतीवर झाडाचं चित्र लागलं. साचा फोडणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारी वाळू मात्र कुठल्याच खात्यात मोजली गेली नाही, कारण ती कार्बन नाही, सिलिका आहे.

सिलिकाची जी धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकात, घशात अडकते, खोकल्यावाटे बाहेर पडते. मारणारी धूळ दिसत नाही. ती इतकी बारीक असते की थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथंच बसते. शरीर तिला पचवू शकत नाही, तिच्याभोवती गाठी बांधतं, फुफ्फुस निबर होत जातं. काही वर्षं काहीच जाणवत नाही. मग जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो, वजन उतरतं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. धुळीचं काम सोडल्यावरही वाढू शकतो. आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

एक्स-रेमध्ये दोन्हींचे डाग सारखे दिसू शकतात, घोळ तिथं होतो. मी वॉर्डात होते तेव्हा अशी माणसं यायची. वय पस्तीस-चाळीस, टीबीचा कोर्स एकदा झालेला, दुसऱ्यांदा चालू, थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह. “ताई, गोळ्या संपत्यात पण दम काय जाईना.” केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलेलं असायचं? मजूर. कसला मजूर, कुठल्या खात्यात, किती वर्षं, हे लिहायला जागाच नव्हती आणि विचारायला वेळ नव्हता. सिलिकोसिस हा कायद्यानं कामामुळे होणारा आजार मानला आहे, ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो आहे, त्याची भरपाई मिळू शकते. पण निदानाच्या कागदावर टीबी आला की आजार सरकारी झाला, कारखाना मोकळा. फेटलिंग आणि नॉकआउटवर माणसं बहुतेक ठेकेदाराची असतात, कधी आपली, कधी बिहार-ओडिशातून आलेली. दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, मग तू माझ्याकडे कुठं होतास असं विचारणारे दोघं होतात.

घरातल्या बायकांनाही सुटका नाही. कामाचे कपडे घरात झटकले जातात, त्याच खोलीत पाळणा असतो. जळकी वाळू रस्त्याकडेला, खाणीच्या खड्ड्यात टाकलेली दिसते. तिच्यातलं लोखंड चुंबकानं वेचायला बाया आणि पोरं बसलेली दिसतात, तोंडावर पदर. पदरानं ती धूळ अडत नाही, रुमालानंही नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क थोडी अडवतो. खरा उपाय पाणी मारून काम करणं, धूळ जिथं उठते तिथंच पंख्यानं ओढून घेणं, आणि कोरडा झाडू बंद करणं. हे कारखान्यानं करायचं काम आहे, कामगारानं खिशातून मास्क घेऊन करायचं नव्हे.

मग या कार्बनच्या बाजाराकडून काय मागायचं? काही कार्यकर्ते म्हणतात, बाजार म्हटला की तो भांडवलदारांचाच, आपण त्यात पडूच नये. मला ते पटत नाही, कारण बाजार काय मोजायचं ठरवतो यावर सगळं आहे. आपल्या योजनेत लक्ष्य एकूण वायूवर नाही, टनामागे आहे. टनाला १०० किलो वायू सोडणारा कारखाना ९५ वर आला की पास झाला. त्यानं माल दीडपट काढला तर धुराड्यातून एकूण १४२ किलो जातात, पण त्याला बक्षीसच मिळतं. शिवाय प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातून विकत आणलं तर इथला धूर आहे तसाच राहतो. खरेदी-विक्रीत वस्तीला काहीच सांगावं लागत नाही.

पण सुरत बघा. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं तिथं असाच बाजार उभा केला, मात्र कार्बनचा नव्हे, धुराड्यातून येणाऱ्या धूळकणांचा. तीनशेच्या आसपास कारखाने, बहुतेक कापडाचे, कोळसा आणि लिग्नाइट जाळणारे. प्रत्येकाच्या धुराड्यात सतत मोजणारं यंत्र बसवलं आणि सगळ्यांची मिळून एकूण धूळ किती याला हद्द घातली. अभ्यासात दिसलं की धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे मोजायचं ठरवलं की मोजता येतं. सुरतेतही मोजली ती धुराड्याची धूळ, खात्यातली नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे. खात्यातल्या धुळीला कारखाना निरीक्षकच लागतो, त्याला बाजार पर्याय नाही. पण टनामागे लक्ष्य न ठेवता एकूण हद्द, आणि कार्बनच्या जोडीला धूळ व गंधक, एवढं दिल्लीकडे मागायला सुरतेचा दाखला पुरेसा आहे.

मालकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, कारण आपली चूल त्याच कारखान्यावर पेटते. ते म्हणतात, आधीच वीज महाग, त्यात कार्बनचा खर्च आला तर आम्ही कर्नाटकात जाऊ. ही भाषा कोल्हापूरला नवी नाही, वीजदर वाढले की प्रत्येक वेळी ऐकू येते. राज्याच्या वीजदराला ती लागू पडत असेल. देशभर सारखा कर असला, तर कोगनोळीचा नाका ओलांडून काय मिळणार? निपाणीत कोळसा वेगळा जळतो का? आणि कर नाही लावला तर सुटका होईल असंही नाही. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालाच्या कार्बनवर पैसे लावायला सुरुवात केली आहे. लोखंडी पाइप, फिटिंग, नटबोल्ट त्यात आहेत, मोटारीचे सुटे भाग अजून नाहीत, पण यादी वाढवण्याच्या हालचाली चालू आहेत. देशात भरलेली कार्बनची किंमत तिथं वजा होऊ शकते. म्हणजे प्रश्न असा उरतो की हा पैसा ब्रुसेल्समध्ये भरायचा की इथं. इथं भरला तर निदान त्यावर आपल्याला हक्क तरी सांगता येईल. लहान फौंड्रीवाल्याला भट्टी बदलायला, धूळ ओढणारी यंत्रणा बसवायला त्यातून मदत मिळाली तरी माझी हरकत नाही, अट एवढीच की यंत्रणा फेटलिंगवर बसली पाहिजे, ऑफिसच्या छतावर सोलर लावून भागणार नाही.

काही अर्थतज्ज्ञ सांगतात, कराचा पैसा सरळ लोकांच्या खात्यात टाका. कॅनडानं तसं केलं. २०१९ पासून इंधनावर कार्बन कर, आणि त्यातला मोठा भाग घरांना परत. तरी लोकांचा राग गेला नाही, पंपावरचा भाव रोज दिसायचा, खात्यातली रक्कम लक्षातही राहायची नाही. १ एप्रिल २०२५ पासून तो कर सामान्य माणसासाठी शून्यावर आणला. आपल्या बायकांच्या खात्यात पैसे येण्याला मी कमी लेखत नाही, पंधराशे रुपयांत महिन्याचा गॅस आणि पोरांची वह्या-पुस्तकं कशी बसतात ते मला माहीत आहे. पण खात्यात आलेल्या पैशानं सिलिकोसिसचं निदान होत नाही. त्याला छातीचा एक्स-रे वाचता येणारा डॉक्टर लागतो, फुफ्फुसाची ताकद मोजणारं यंत्र लागतं, ऑक्सिजन लागतो. ते एमआयडीसीच्या दारात हवं, शिफ्ट सुटल्यावर उघडं हवं. पगार बुडवून दुपारी रांगेत उभं राहणं ठेकेदाराच्या माणसाला परवडत नाही.

राजस्थाननं २०१९ मध्ये धुळीच्या फुफ्फुसरोगांसाठी वेगळं धोरण केलं. तिथं दगडखाणींत हजारो माणसं अशीच खोकत मेली, संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा ते झालं. प्रमाणपत्र मिळालं की आजारी माणसाला ३ लाख, मृत्यूनंतर वारसाला २ लाख, वर पेन्शन. मालक सापडला नाही तरी पैसे मिळतात, ही त्यातली मोठी गोष्ट. आणि त्यासाठी खाणीवरच्या वसुलीतून जमा होणारा खनिज निधी वापरायचं ठरलं. १९४४ ची रीतच ही. महाराष्ट्रात फौंड्री, दगडखाण, स्टोन क्रशर, बांधकाम धरून असं धोरण करायला आणि त्याला कोळशाच्या करातला ठरावीक वाटा बांधून द्यायला काय अडचण आहे? १८ टक्के जीएसटी कोळशावर वसूल होतोच आहे आणि त्यातला राज्याचा वाटा मुंबईत येतोच आहे.

पुढची गोष्ट कामाची आहे. लक्ष्यांचा नवा मसुदा केंद्र सरकार काढतं तेव्हा हरकती-सूचनांसाठी ६० दिवसांची मुदत असते. पत्र मराठीत लिहिलेलंही चालतं. उद्योगांच्या संघटना शंभर पानं पाठवतात, आपण एक पान पाठवू : कार्बनसोबत धूळ मोजा, एकूण हद्द घाला, वसुलीतला वाटा कामगाराच्या आरोग्याला कायद्यानं बांधा. कागल आणि हातकणंगले तालुक्यांतल्या प्रत्येक विहारातून एक ठराव गेला तरी पुष्कळ पत्रं होतात.

त्याआधी घरचं एक काम करून ठेवा. विहारात एक वही घाला. फौंड्रीत, क्रशरवर, खाणीत काम केलेल्या प्रत्येकाचं नाव, कुठल्या कंपनीत, कुठल्या खात्यात, कुठल्या ठेकेदाराकडे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे त्यात लिहा. गेटपास, पगाराची पावती, ईएसआयचा नंबर, कामावरचा एखादा फोटो यांच्या झेरॉक्स लावा. मेलेल्या माणसांचंही लिहा, त्यांच्या बायकांना आठवतं ते सगळं. ज्याला टीबीच्या गोळ्या दुसऱ्यांदा चालू आहेत आणि थुंकी निगेटिव्ह आहे, त्यानं डॉक्टरांना स्वतः सांगायचं : “मी वाळूत काम केलंय, इतकी वर्षं.” डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगायचं, आणि केसपेपरवर ते लिहून घ्यायचं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. एक्स-रेची फिल्म दवाखान्यात ठेवून येऊ नका, तुमची आहे ती. घडी घालू नका, उन्हात ठेवू नका, पाकिटावर तारीख लिहा आणि पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी.